सोंडेची पिशवी

९ फेब्रुवारी

टिटवे,

पाकिटावरचं अक्षर खालच्या शिंप्याचं आहे. माझं दिसलं असतं तर तू पाकीट फोडलंच नसतंस, एवढं मी तुला ओळखतो. आता फोडलं आहेस तर वाच. शिव्या नंतर घाल.

तुझ्या नवऱ्याचा परवा फोन आला होता. त्याच्यावर चिडू नकोस. सहा वर्षांत पहिल्यांदा केला बिचाऱ्याने, तोही ऑफिसच्या जिन्यात उभा राहून, आणि निम्मा वेळ "बाकी बरं ना, बाबा" यातच घालवला. मला वाटलं, नोकरी गेली की काय. मग हळूच म्हणाला, "बाबा, तुम्हीच तिला काहीतरी सांगा. माझं ऐकत नाही."

हे तुमचं तिसरं घर म्हणे. सकाळी चहाच्या आधी तू ते ओल मोजायचं यंत्र प्रत्येक भिंतीला टेकवून बघतेस आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवतेस. बाथरूममागच्या भिंतीचं प्लास्टर तू विटेपर्यंत खरवडून काढलंस. आणि तुझी ठकी आठ महिने झाले तिच्या दुसऱ्या आजीकडे आहे, एका दिवसाच्या प्रवासावर. चार दिवस खोकली, तर तू तिचे कपडे पिशवीत भरलेस आणि तिला तिथे सोडून आलीस. पाच वर्षांची पोर. "माझ्या घरात माणसं मरतात," असं तू नवऱ्याला म्हणालीस.

अगं, पोरं खोकतातच. तू शाळेत जायला लागल्यापासून पाचवीपर्यंत खोकत होतीस आणि उरलेल्या वेळात बोलत होतीस. टिटवी हे नाव काही उगीच पडलं नाही.

आई गेली, जे झालं ते झालं. ती चार महिने राहिली त्या तुझ्या घरातल्या ओलीने, असं डॉक्टर म्हणाल्या, मी तेच तेव्हा बोललो. बोलायला नको होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पण घर ओलं होतं यात तुझा काय दोष? भाड्याचं घर, वरच्या मजल्यावरची मोरी गळत होती, तू काय करणार होतीस? झालं गेलं विसर आणि लेकीला घरी घेऊन ये.

मी बरा आहे. आमची दातांची लॅब बंद पडली. आता कवळ्याही यंत्रातून छापून निघतात, हाताने घासून दात बसवणारे आम्ही लोक घरी बसलो. माणूस भेटला की आधी त्याचे दात बघायचे आणि मग तोंड, ही खोड तेवढी राहिली आहे. अंड्यांच्या टरफलांवर जाळी कोरणं मी सोडलं. ड्रिलला तेल घालून ते डबीत ठेवलंय. तू पहिल्या पगारातून आणलेलं धूळ ओढायचं यंत्र, आपली सोंड, खिडकीखाली होती तिथेच आहे. तिच्यावर मी वर्तमानपत्रं ठेवतो. बरोबर आलेल्या जादा पिशव्यांचं पाकीट अजून कपाटात पडलंय.

तुझ्या आईने आखलेलं एक अंडं राहिलं आहे. शेवटचं. ते मी कोरलं नाही.

जेवतो, फिरून येतो. ठकीला आण.

बाबा


२४ फेब्रुवारी

टिटवे,

उत्तर येणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. पण तुझ्या नवऱ्याने सांगितलं की तू पत्र वाचलंस, घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलंस आणि त्याच दुपारी ठकीच्या खोलीतलं कपाट एकटीने ओढून त्यामागची भिंत खरवडायला घेतलीस. म्हणजे ‘घर ओलं होतं’ एवढं माझं वाक्य तू उचललंस आणि बाकीचं सोडून दिलंस. मी तुला समजवायला बसलो होतो, आणि तुझ्या हातात पुन्हा खरवडायची पट्टी दिली.

तर ते वाक्य मी मागे घेतो.

डॉक्टर ओल म्हणाल्या नव्हत्या. तू तेव्हा हॉस्पिटलच्या खाली पाण्याची बाटली आणायला गेली होतीस, म्हणून तुला माहीत नाही. त्या एकेक बोट मोडत मला विचारत होत्या. घरात पक्षी आहेत का? खिडकीत कबुतरं? धुळीचं काही काम चालतं का? ओल, बुरशी? मी पहिल्या तिन्हींना नाही म्हणालो. चौथ्या बोटाला म्हणालो, "मुलीकडे ओल आहे. चार महिने होती तिच्याकडे." त्यांनी ते लिहून घेतलं. बाईंचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, मी सगळा वेळ तिथेच बघत होतो, डोळ्यांकडे नाही.

तू वर आलीस तेव्हा मी तेच तुला ऐकवलं, तुझ्या मावशीसमोर आणि आत्यासमोर. "तुझ्या घराने तिची छाती खाल्ली." तुझ्या हातातल्या बाटलीचं झाकण उघडं होतं आणि पाणी तुझ्या पायावर सांडत होतं. तुला ते कळत नव्हतं. मावशीने बाटली काढून घेतली.

धुळीचं काम चालतं का, याला मी नाही म्हणालो. आपल्या दोन खोल्यांत माझं टेबल आणि आईचं टेबल समोरासमोर होतं, मधे हात घालता येईल एवढीच जागा. ती उभा जन्म जमीन मोजणीच्या ऑफिसात नकाशे काढत आली, म्हणून अंड्यासारख्या गोल वस्तूवरही तिची रेघ हलत नसे. ती पेन्सिलने जाळी आखायची, मी ड्रिलने कोरायचो. पांढरी धूळ उडायची. टेबलावर, केसांत, चहाच्या कपात. ती म्हणायची, बसल्या जागी म्हातारी झाले बघा.

मी नाही म्हणालो, कारण सोंड होती. सोंड आहे म्हणजे धूळ नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण खरं सांगायचं तर सोंड रोज चालू नसायची. कधीकधी मी ती बंद ठेवायचो. तिच्या घरघरीत टरफलाचा आवाज ऐकू येत नाही. टरफल जाड असेल तर ड्रिलखाली घोगरं वाजतं, पातळ होत गेलं की आवाज बारीक होत जातो, आणि तडा जायच्या आधी एक क्षण ते गप्प होतं. त्या क्षणी हात उचलायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीच शोधून काढलं होतं, आणि त्याचा मला फार गर्व होता.

तेव्हा आईच्या छातीत जे गेलं ते भिंतीतलंच होतं असं तू धरून बसू नकोस. थोडं माझ्याकडचंही असेल.

बाबा


८ मार्च

टिटवे,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून ‘र’ला शेपूट काढतेस.

तू लिहिलंस: "बाबा, यांनी तुम्हाला फोन केला हे मला कळलंय. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सगळं स्वतःवर घेताय. नका घेऊ. सोंड चालू असायची. दर रविवारी फोनवर मी तिचा आवाज ऐकलाय. आई मुद्दाम म्हणायची, ऐक गं, तुझी सोंड घोरतेय. तुम्ही तेव्हा जे बोललात ते दुःखाच्या भरात बोललात, मी आता ते धरून नाही. जेवण वेळेवर घेत जा. मनात असेल तर एप्रिलमध्ये इकडे या."

मी ते शिंप्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मिटलं म्हणायचं की, काका." मीही म्हटलं, मिटलं. माळ्यावरची बॅग काढली, पुसली, उन्हात ठेवली. उगीचच दाढी केली. ‘जेवण वेळेवर घेत जा’ या ओळीपाशी मी पुन्हा पुन्हा जाऊन बसत होतो. दोन दिवस मी फार सुखात होतो, टिटवे, आणि ते तुला सांगायची लाज वाटते. कारण त्या दोन दिवसांत ठकी तिकडेच होती आणि तू सकाळी उठून भिंतींना यंत्र लावत होतीस. मला तू माफ केलंस, पण गुन्हा स्वतःच्या नावावर तसाच ठेवलास.

मी गप्प बसलो तर एप्रिलमध्ये तुझ्या हातचा चहा मिळेल. मला गप्प बसायचं होतं. निम्मी बॅग भरूनही झाली होती.

तर आता रविवारचं ऐक. फोन वाजला की तुझी आई आधी वाकून सोंडेचं बटण दाबायची आणि मग फोन उचलायची. सोंड घरघरायला लागली की म्हणायची, "ऐक गं, घोरतेय बघ तुझी." तू खूश व्हायचीस. "ठेवते गं" म्हणून तिने फोन ठेवला की बटण बंद. मग आम्ही दोघं हसायचो. "पोरीचं समाधान होतं हो, आपलं काय जातं?" असं ती म्हणायची. आठवड्यात सोंड तेवढीच चालायची, तुझ्या फोनपुरती. आणि तेव्हा मी ड्रिल खाली ठेवलेलं असायचं, कारण तू काय बोलतेस ते मलाही ऐकायचं असायचं.

मागच्या पत्रात मी ‘कधीकधी’ लिहिलं. कधीकधी नाही. तू सोंड आणलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती बंद होती.

तू विचारशील, आईला माहीत होतं का. सोंड बंद असते हे तिला माहीत होतं. "बंदच असू दे, तुम्हाला ऐकू येत नाही," असं ती स्वतः म्हणायची. पण त्या धुळीने काय होतं हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर साचे घासणारा म्हातारा होता, तू त्याला बघितलंयस, तो तुला गोळ्या द्यायचा. तो शेवटी तीन वाक्यं एका दमात बोलू शकत नव्हता. तो गेल्यावर आम्हा सगळ्यांना मास्क मिळाले. ती साच्यांच्या दगडी प्लास्टरची धूळ, ही अंड्याची, खायच्या वस्तूची, हिने काय होणार, असं मी स्वतःला पटवलं.

आणि तरीही घरी मी मास्क लावायचो. सवय म्हणून. तिने लावला की तिचा चष्मा धुकटायचा आणि रेघ दिसेनाशी व्हायची, म्हणून तिने दोन दिवसांत काढून टाकला. मी काही बोललो नाही. मला जाळी नीट हवी होती. पाच वर्षं मी तोंड बांधून तिच्यासमोर बसलो आणि ती उघड्या तोंडाने, टिटवे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा


१९ मार्च

टिटवे,

तुझ्या नवऱ्याचा पुन्हा फोन. म्हणाला, "बाबा, ती म्हणते तुम्ही म्हातारे झालात, एकटे राहता, मनानेच काहीबाही जुळवता. तिला उलट तुमचीच काळजी लागलीय. तिकीट काढू का विचारतेय." मी त्याला विचारलं, ठकी आली का? तो म्हणाला, नाही. पडद्यामागच्या कोपऱ्यात आकडा वाढलाय.

बघ काय झालं ते. खोटं एका वाक्यात बोललो तर तू सहा वर्षं खरं धरलंस. खरं चार पानं भरून लिहिलं तर बाबांना भ्रम झालाय. माझीच करणी आहे, तक्रार कुणाकडे करू?

आता राहिलेलं सांगतो. हे मी मनातही पूर्ण म्हटलेलं नाही, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आई तुझ्याकडे आली तेव्हा तिला दोन जिन्यांत तीनदा थांबावं लागायचं. तुला आठवेल, तू खुर्ची आणून मधल्या जिन्यात ठेवली होतीस आणि खालच्या मजल्यावरच्या बाईशी त्यावरून भांडली होतीस. तिसऱ्या महिन्यात आईचा मला फोन आला. म्हणाली, "अहो, आज चार जिने एका दमात चढले. भाजीची पिशवी हातात. खुर्ची परत घरात आणली." आवाजात धाप नव्हती. मी ऐकत होतो. आवाजातलं मला कळतं, नाही का? तोच तर माझा गर्व.

तुझ्या ओल्या घरात ती बरी होत होती.

भिंतीवरच्या त्या डागाबद्दलही तिने सांगितलं होतं, स्वयंपाकघरातल्या. खुराड्यात बसलेल्या कोंबडीसारखा आहे म्हणे, अगदी शेपटीसकट. "पोर रोज पुसते आणि कोंबडी रोज येऊन बसते. मला करमतं तिच्यामुळे." ती हसत होती. डॉक्टरांच्या चौथ्या बोटाला मी जिचं नाव घेतलं ती हीच कोंबडी.

आणि इकडे माझी कामं अडली होती. प्रदर्शनासाठी शहामृगाची सहा अंडी मी घेऊन ठेवली होती. रिकामी केलेली, धुतलेली, आतला पापुद्रा सोललेला, सगळी तयारी. आखणारं कुणी नाही. मी स्वतः आखून बघितलं, रेघ गडगडत खाली जायची. आठवडाभर त्या सहा पांढऱ्या डोक्यांकडे बघत बसलो. मग तुझ्या आईला फोन केला आणि म्हणालो, मला ताप आहे.

ताप नव्हता. गळा बसल्यासारखा आवाज काढला. तेवढं मला जमतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. तू नको म्हणत होतीस, अजून एक महिना राहा म्हणत होतीस, तुझं आणि तिचं त्यावरून वाजलंही. ती आल्यावर मी दारात उभा, धडधाकट. तिने कपाळाला हात लावला, माझ्याकडे बघितलं, सहा अंड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "हाच का ताप?" मग पदर खोचून पेन्सिलला टोक करायला बसली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

सहा आठवड्यांत तिला पलंगापासून नळापर्यंत जाता येईना.

तुलाही आठवत असणार की तुझ्याकडून निघताना ती ठणठणीत होती. पण तू मला हॉस्पिटलमध्ये विचारलंस, "बाबा, माझ्याकडे तर बरी होती ना?" आणि मी म्हणालो, ओलीचा परिणाम उशिरा दिसतो. कुठल्या डॉक्टरने ते सांगितलं नव्हतं. ते मी उभ्या उभ्या बनवलं. डॉक्टरांना त्याही दिवशी खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला त्या खोलीतून हलवलं असतं. तिला पुन्हा तुझ्याकडे पाठवावं लागलं असतं, आणि का पाठवतोय ते तुला सांगावं लागलं असतं. मी ते टाळलं. हॉस्पिटलातून तिला मी घरी आणलं, त्याच खोलीत, त्याच टेबलासमोर. दोन महिने. तिला ऊन मिळावं म्हणून पलंग खिडकीपाशी घेतला आणि मी पलीकडे शहामृगाचं पाचवं अंडं कोरत होतो.

सहावं तिने अर्धंच आखलं. नंतर बदकाचं एक लहानसं मागून घेतलं आणि उशीला टेकून तीन दिवस त्याच्यावर काहीतरी काढत बसली. तेच ते राहिलेलं.

तिकीट काढू नकोस.

बाबा


३ एप्रिल

टिटवे,

काल शिंपी विचारत होता, बॅग परत माळ्यावर का गेली? म्हटलं, बेत बदलला. तो भला माणूस आहे, पुढे विचारलं नाही.

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. "बाबा, मला काय खरं मानायचं तेच कळत नाही. आई माझ्याकडे बरी झाली होती हे मला आठवतं, पण मी ते स्वतःच्या सोयीने आठवते असं मला सहा वर्षं वाटतंय. तुम्हीही आता माझ्या सोयीचं लिहिताय. तुम्ही एकदा बोललात आणि मी मानलं. आता पुन्हा नुसत्या बोलण्यावर कसं मानू?"

बरोबर आहे तुझं. नुसत्या बोलण्यावर मानू नकोस. मी तीन दिवस विचार करत होतो की तुला दाखवण्यासारखं माझ्याकडे काय आहे. डॉक्टरांच्या कागदावर मीच सांगितलेली ओल आहे. तुझी आई नाही. सोंड बंद होती याला साक्षीदार कोण?

मग परवा सकाळी मी ते बदकाचं अंडं कपाटातून काढलं. इतकी वर्षं कापसातून बाहेर काढलं नव्हतं. उजेडात धरलं. त्यावर तुझं स्वयंपाकघर आहे. खिडकी, ओटा, कपांचा हुक, तू पाठमोरी, आणि कोपऱ्यात कोंबडी. जाळी सगळी तिच्या पिसांची. एवढं बारीक काम तिने मला कधी दिलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत तिच्या हातात चमचा राहत नव्हता, पण ही रेघ कुठेही हललेली नाही.

म्हटलं, कोरायचं. आणि सोंड चालू ठेवून कोरायचं. का ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. वर्तमानपत्रं उचलली, सोंडेचं मागचं झाकण उघडलं, पिशवी बघितली. ती तिथेच होती, पहिली, तू बसवलेली. तिच्यावर तू मार्करने लिहिलेलं मी विसरूनच गेलो होतो. "बाबा, भरली की बदला. नाहीतर बोंब मारीन." आणि खाली एका पायावर उभी टिटवी काढलेली.

पिशवी मी उलटी करून झटकली. गादीचा कापूस पडला थोडा. पाच वर्षांत आम्ही चारशेच्या वर अंडी कोरली आणि तिच्यातून चमचाभरही पांढरी धूळ पडली नाही.

ती बाजूला ठेवली. कपाटातून नवी काढली, बसवली, आणि ड्रिल घेऊन बसलो. सोंड घरघरत होती. पहिला अर्धा तास मला काहीच ऐकू येईना. आता फुटतंय, मग फुटतंय असं होत होतं. खरं सांगू? ते फुटावं म्हणून मी वाट बघत होतो. फुटलं असतं तर मला म्हणता आलं असतं, बघ, सोंड चालू ठेवून हे काम होतच नाही, माझा नाइलाज होता.

मग कोंबडीच्या मानेपाशी आलो, तिथे टरफल सगळ्यात पातळ. आणि अंगठ्याखाली मला ते कळलं. गप्प होणं. कानाने नाही, बोटानेच. मी हात उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा कळलं. टरफल बोटांतून बोलतं, टिटवे. बहुतेक पहिल्यापासून तसंच होतं आणि मी ते कानाने ऐकतोय असं समजत होतो. दुपारी सव्वादोन वाजता अंडं पुरं झालं. एकही तडा नाही. माझ्या हातचं हे सगळ्यात चांगलं काम.

म्हणजे सोंड बंद ठेवायची कधीच गरज नव्हती. एकाही दिवशी नाही. सोंड चालूच होती. बंद करायला हात जाईना.

या पत्राबरोबर खोका आहे. अंडं कापसात आहे, प्रवासात फुटलं तर फुटू दे, त्यासाठी खोका पाठवत नाही. खाली दोन पिशव्या आहेत त्या बघ. जुनी आधी उघड. अक्षर तुझंच आहे, ते मला बनवता येत नाही. खिडकीपाशी धर आणि आत बघ; पाच वर्षं धूळ खाल्लेली पिशवी नुसती झटकून अशी कोरी होत नाही. मग दुसरी. ती दारं उघडी ठेवून, तोंडाला फडकं बांधून उघड, आणि तेव्हा आसपास कुणाला थांबू देऊ नकोस. तिच्यात एका अंड्याची धूळ आहे, तीही बदकाच्या. बाकी चारशेंची कुठे गेली ते तुला कळेल.

ते बघून झालं की यंत्र ठेवून दे आणि ठकीला आणायला जा. तुझ्या घरात कुणी मेलं नाही. तुझ्या घरात एक बाई चार जिने एका दमात चढली.

मला बोलवू नकोस. तू बोलवशील अशी भीती वाटते म्हणून लिहितो, कारण तू आईवर गेली आहेस.

खोक्यावरचा पत्ता या वेळी मीच लिहिला आहे. अक्षर बघून न फोडता टाकू नकोस. फोड, बघ, आणि मग टाक.

बाबा